थोरली पुढे गेली

भिंगरीला घरात कुणीच नावाने हाक मारत नसे. लग्न होऊन आली त्या आठवड्यात सासूबाईंनी तिचं जिन्यावरून वरखाली पळणं दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "ही सून आणली की भिंगरी?" तेव्हापासून तेच नाव चिकटलं. त्याला आता चौदा वर्षं झाली. भिंगरी पालिकेच्या पोहण्याच्या तलावावर शिक्षिका होती. लहान मुलांना, बाळंतपणानंतर वजन उतरवायला आलेल्या बायकांना, गुडघे धरलेल्या म्हाताऱ्यांना, सगळ्यांना ती पाण्यात घाली. वर्षातून दोनदा ती पोहणं-सायकल-पळणं अशा तिहेरी शर्यतींत उतरे आणि पहिल्या पाचांत येई. घरात त्याचं कौतुक होतं, पण 'भिंगरीचं खूळ' एवढंच.

दोघी जावा एकाच घरात राहत, थोरली खाली, भिंगरी वर. थोरलीला भिंगरी 'ताई' म्हणे. ताई दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. डॉक्टर माप पाठवत आणि ताई मेणात एकेक दात बसवून कवळी घडवी. पंचवीस वर्षं तेच काम. अर्ध्या गावाचं हसू आपल्या हाताखालून गेलंय, असं ती कधीतरी म्हणे, तेही हळूच. बाकी ती फारसं बोलत नसे. घरात पानं मांडली की सगळ्यांना वाढून झाल्यावर ती बसे. दारातून बाहेर पडताना सगळे गेले की मग चपला घाली. सासूबाई सहा वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा लॅबमधून आल्यावर पदर खोचून तीच उभी राहिली. भिंगरी मदतीला जाई, पण तिला आत पाऊल टाकायलाही ताईची परवानगी लागल्यासारखं वाटे, इतकं ते काम ताईचं झालं होतं.

सासूबाई गेल्या. त्यानंतर दोन महिन्यांनी एका संध्याकाळी ताई जिना चढून वर आली. ती सहसा वर येत नसे. दारातच उभी राहून तिने विचारलं, "एक्कावन्नाव्या वर्षी पोहायला येतं का गं माणसाला?"

"येतं की. कुणाला शिकायचंय?"

"मला."

भिंगरीच्या हातातली कणीक तशीच राहिली.

शिकवणं सोपं गेलं नाही. ताईला पाण्याची धडकी होती. कमरेएवढ्या पाण्यात कठडा धरून ती उभी राही, आणि तोंड पाण्यात घाला म्हटलं की नुसती हनुवटी ओली करून वर येई. भिंगरीने सांगितलं, घरी सराव करा. मग ताई रोज सकाळी बेसिन भरून त्यात तोंड बुडवून श्वास सोडू लागली. एकदा मोठे दीर दात घासायला गेले, तर बायको बेसिनमध्ये डोकं घालून बुडबुडे काढतेय. घाबरून त्यांनी तिला दोन्ही खांद्यांना धरून ओढलं. ताई नाकातोंडातून पाणी गाळत म्हणाली, "सोडा हो, सत्तरपर्यंत आले होते."

कठडा सोडायला अकरा आठवडे लागले. पण एकदा सोडला तो सोडलाच. ताई वेगात कधीच पोहली नाही. कवळीतला दात जसा ती बसवी, बघे, काढे, पुन्हा बसवी, तसा तिने एकेक हात बसवला. वर्षभराने ती न थांबता पाचशे मीटर जाऊ लागली. सायकल ती वीस वर्षं चालवतच होती. लॅब तळ्याच्या पलीकडच्या टोकाला होती, आणि रोज सकाळी तोंडावर वारा घेत ती बंधाऱ्यावरून कामाला जाई. राहिलं पळणं. ते तिने कुणाला न सांगता सुरू केलं.

तळ्याकाठच्या छोट्या ट्रायथलॉनचा अर्जही तिने परस्परच भरला. चारशे मीटर पोहायचं, बारा किलोमीटर सायकल, तीन किलोमीटर पळायचं. जेवताना ही बातमी फुटली तेव्हा मोठे दीर हसायलाच लागले. "अगं, या वयात? लोक हसतील."

"हसतील त्यांचे दात दिसतील," ताई म्हणाली. "आणि दिसले तर बरंच. माझं कामच आहे ते."

भिंगरीचा नवरा भाताचा घास तोंडात ठेवूनच इतका हसला की ठसका लागला. पण त्या दिवसापासून दीर पुन्हा एकदाही हसले नाहीत, हेही खरं.

शर्यतीच्या दिवशी पहाटेपासूनच वारा सुटला. साधा वारा नव्हे. तळ्यावर पांढऱ्या लाटा उठत होत्या, आणि संयोजकांनी उभारलेली हवेची मोठी कमान दोनदा आडवी झाल्यावर त्यांनी तिची हवाच काढून टाकली. ती मेलेल्या म्हशीसारखी गवतावर पडली होती. पाण्यातले केशरी फुगे दोर ताणून एका बाजूला कलले होते. भोंगा धरलेल्या माणसाने जाहीर केलं की फुगे काठाजवळ घेतले आहेत, अंतर तेवढंच आहे, ज्यांना उतरायचं नाही त्यांनी टोप्या परत कराव्यात. लाज वाटून घेऊ नये.

एकतीस बायका होत्या. नऊ जणींनी टोप्या परत केल्या. भिंगरीने ताईकडे बघितलं. ताई टोपीखाली केस कोंबत होती.

"ताई, आज राहू द्या. पुढच्या वर्षी करू."

"पुढच्या वर्षी वारा रजेवर जाणार आहे का?"

"तसं नाही, पण तलावात आणि इथे फरक आहे. लाट तोंडावर येते."

ताईने टोपी कानांवर ओढली. "तू शिकवलंस. तूच सांग. मी बुडेन?"

भिंगरीने खरोखर विचार करून उत्तर दिलं. "नाही. पण त्रास होईल."

"त्रासाचं मला नको सांगूस गं," ताई म्हणाली. मग ताईनेच विषय बदलला. "तू त्या गोदामांच्या रस्त्यावर सांभाळ. समोरचा वारा तिथे फाटतो आणि दोन गोदामांच्या फटीतून बाजूने येतो. मी तिथे हँडल घट्ट धरत नाही, कोपर सैल सोडते आणि अंग खाली घालते."

"हो, हो," भिंगरी म्हणाली. तिने मैत्रिणीकडून शर्यतीसाठी खास चाकं मागून आणली होती. खोल रिंगांची, हलकी, महागडी. त्यांच्यावर जरा बोट फिरवलं तरी सुंईऽऽ आवाज येई. रोज डबा घेऊन कामाला जाणाऱ्या बाईकडून आपण सायकल काय शिकायची, असं तिच्या मनात आलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावरही आलं असणार. ताईने पुन्हा सांगितलं नाही.

भोंगा वाजला. भिंगरी पाण्यात घुसली ती मागे न बघता. दोन लाटा तिच्याही नाकात गेल्या, पण तिचं आयुष्य पाण्यात गेलं होतं. बाहेर आली तेव्हा तिसरी होती. सायकली टांगलेल्या जागी पायमोजे चढवताना तिने तळ्याकडे नजर टाकली. पिवळ्या टोप्यांचा घोळका काठाकडे सरकत होता आणि त्याच्याही बरंच मागे, शेवटच्या फुग्यापाशी, एक टोपी एकटीच होती. लाट आली की ती टोपी उताणी होई, थोडा वेळ आभाळाकडे बघे आणि पुन्हा पालथी होऊन हात मारू लागे. उताणं व्हा, पाच मोजा, मग पुढे जा, हे भिंगरीनेच शिकवलं होतं. एक होडीवाला तिच्याजवळ वल्हवत गेला. टोपीखालून एक हात वर आला आणि दारावर आलेल्या विक्रेत्याला नको म्हणावं तसा हलला. होडीवाला बाजूला झाला. भिंगरीला हसू आलं. मग तिने सायकल उचलली, कारण शर्यत चालू होती.

बंधाऱ्यावर वारा समोरून छातीत हात रोवून उभा होता. भिंगरी हँडलवर वाकून त्याला ढकलत राहिली. एकीला गाठलं, दुसरी पुढे दिसत होती. चौथ्या किलोमीटरला गोदामं लागली. पहिल्या गोदामाच्या आडोशाला आल्याबरोबर वारा एकदम थांबला, आणि भिंगरीने सुटकेचा श्वास टाकून वेग वाढवला. गोदाम संपलं. बाजूच्या फटीतून वारा आला तो असा, की कुणी पुढच्या चाकाला लाथ घातली असावी. त्या खोल रिंगांनी शिडासारखा वारा धरला. भिंगरीने हँडल जीव खाऊन आवळलं, आणि दुसऱ्या क्षणी ती रस्त्याकडेच्या गवतात होती.

हाड मोडलं नव्हतं. कोपर सोलवटलं होतं, गुडघ्यातून रक्त येत होतं. हँडल वाकडं झालं होतं आणि चेन मागच्या चाकाच्या तारांत जाऊन अशी रुतली होती, की बोटांनी निघेना. एकेक सायकल समोरून जात होती. कुणी ओरडून विचारी, "ठीक ना?" भिंगरी हात हलवी. सायकल उलटी करून ती चेन ओढत बसली. हात काळे झाले, दात-ओठ खाऊन झाले, तोंडातून दोन शिव्याही गेल्या. दहा-बारा मिनिटं गेली असतील. आता रस्त्यावर कुणी नव्हतं.

मग आडोशातून एक सायकल बाहेर आली. जुनी, जड, मागे डब्याचं कॅरिअर असलेली. फटीपाशी येण्याआधीच तिच्यावरची बाई खाली वाकली, कोपरं सैल सोडली, वारा आला तशी गवतासारखी एका बाजूला कलली आणि वारा गेल्यावर सरळ झाली. हे सगळं वळणावर शेजारणीला वाट द्यावी इतकं सहज झालं.

ती ताई होती. गवतातली भिंगरी दिसताच तिचे डोळे मोठे झाले आणि पाय थांबले. सायकल हळू झाली. भिंगरीच्या मनात आलं, झालं, आता ही उतरणार. आता रक्त पुसणार, सायकल हातात धरून मला परत नेणार. संपली हिची शर्यत. आणि गंमत म्हणजे, त्या क्षणी भिंगरीला तेच हवंही होतं.

"हाड मोडलं का?" ताईने ओरडून विचारलं.

"नाही!"

"चक्कर?"

"नाही."

ताईने तिला डोक्यापासून पायापर्यंत एकदा बघितलं, लॅबमध्ये आलेला साचा बघावा तसं. मग तिने समोरच्या रस्त्याकडे बघितलं. वाऱ्याने तिचे डोळे पाणावले होते.

"मग ऊठ," ती म्हणाली. "मी होते पुढे."

आणि गेली.

भिंगरी आ वासून बघत राहिली. चौदा वर्षांत ताई कुणाच्या आधी जेवली नव्हती, कुणाच्या आधी झोपली नव्हती, भिंगरीच्या लग्नातल्या फोटोतसुद्धा मागच्या रांगेत कडेला उभी होती. ती ताई तिला रक्ताळलेल्या गुडघ्यासकट गवतात बसवून, पाठ वाकवून, संथ पायडल मारत पुढे गेली होती. एकदाही मागे वळली नाही. भिंगरीला आधी राग आला, चांगला सणसणीत. तो दोन श्वास टिकला. मग कुठून कोण जाणे तिला हसू फुटलं, एकटीलाच, गवतात बसून, इतकं की बरगडी दुखायला लागली. तिने बाजूची काटकी उचलली, तारांत खुपसली आणि दिला एक हिसका. चेन निघाली.

पुढच्या आठ किलोमीटरात तिची सायकल एकाच गिअरवर चालली, तोही सर्वांत हलका. पाय भिंगरीसारखे गरगर फिरत आणि सायकल गोगलगायीसारखी सरके. ताईची पाठ दिसलीच नाही. सायकली ठेवायच्या जागी ती पोहोचली, तेव्हा ताईची सायकल नीट टांगलेली होती, तिच्या हँडलला हेल्मेट पट्टा लावून अडकवलेलं.

"ही बाई केव्हा गेली?" भिंगरीने तिथल्या माणसाला विचारलं.

"चार मिनिटं झाली. साडेचार असतील."

तीन किलोमीटर, साडेचार मिनिटं. भिंगरीने मनात हिशेब मांडला आणि पळत सुटली. बिचारीला एकटं वाटू नये, सोबत जाऊन हात धरून रेषा ओलांडू, असला विचार तिच्या मनाला शिवलाही नाही. तिला ताईला हरवायचं होतं. एखाद्या तोडीस तोड माणसाला हरवावं तसं.

वळसा घेऊन परत फिरल्यावर वारा पुन्हा समोर आला. शेवटच्या अर्ध्या किलोमीटरात तिला ताई दिसली. ताई पुढे वाकून पळत होती, वाऱ्याच्या दारातून घुसत असल्यासारखी. पाठीवरचा नंबर एका पिनेवर फडफडत होता. तिच्या पळण्यात देखणं काही नव्हतं. पावलं लहान, खांदे वर चढलेले. पण एकेक पाऊल जिथे पडायचं तिथेच पडत होतं. भिंगरीने वेग वाढवला. गुडघा ठणकत होता. शंभर पावलं राहिली, साठ, चाळीस.

कमान नव्हतीच. चुन्याची एक रेघ आणि दोन शंकू, एवढाच शेवट. एका बाजूला मोठे दीर टॉवेल घेऊन उभे होते, दुसऱ्या बाजूला भिंगरीचा नवरा.

"मागे आहे ती!" दीर ओरडले. एरवी फोनवरही कुजबुजणारा माणूस. "अगं, मागे आहे भिंगरी! पळ!"

"दादा, हे बरं नाही हां!" नवरा ओरडला. "भिंगरे, चल! धर!"

ताईने मागे बघितलं नाही. पण तिने ऐकलं. तिचे खांदे खाली आले, हात हलू लागले, आणि त्या पन्नाशी ओलांडलेल्या, दिवसभर स्टुलावर बसून दात बसवणाऱ्या शरीरातून कुठून तरी एक वेग निघाला. मोठा नव्हता, पण होता. भिंगरीने तिच्याजवळ होतं नव्हतं ते सगळं पायांत ओतलं. डोळ्यांपुढे काजवे चमकले. चार पावलं कमी पडली. थोरलीने रेघ ओलांडली, मग धाकटीने.

दोघी गुडघ्यांवर हात ठेवून वाकल्या. दीरांनी टॉवेल ताईच्या पाठीवर टाकला, तो वाऱ्याने उडाला, ते त्याच्यामागे धावले.

मग ताईने मान वर केली. "खरं सांग. सोडलंस मला?"

"नाही."

"मला वाईट वाटू नये म्हणून?"

"ताई, नाही."

"शपथ नको घालायला लावूस."

भिंगरीने मनगट पुढे केलं. घड्याळावर रेघ ओलांडतानाचे नाडीचे ठोके दिसत होते. ताईने मान मागे घेऊन, डोळे बारीक करून वाचलं. चष्मा पिशवीत होता. "एकशे शहाऐंशी. म्हणजे?"

"म्हणजे अजून दहा पावलं असती तर मला उचलून न्यावं लागलं असतं."

ताई आकड्याकडे बघत राहिली. तिने आयुष्यभर मापांवर विश्वास ठेवला होता. मग तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं, ते भिंगरीने कधी बघितलं नव्हतं. त्यात संकोच नव्हता.

मलमपट्टीच्या तंबूत नर्सबाई कोपर धूत होती. तंबूचं कापड फडफडत होतं. ताई शेजारच्या खुर्चीवर बसली होती. औषध झोंबलं तशी भिंगरी "स्सऽऽ" करून मागे सरकली, आणि ताईने तिचा हात धरला.

"मी थांबले नाही," ताई म्हणाली.

"बघितलं की."

"राग आला?"

"आला. अगदी थोडा वेळ." भिंगरीने शब्द शोधले. "मग वाटलं, बरं झालं मी पडले. उभी असते तर तुम्हाला पुढे जाताना बघायला मिळालं नसतं."

नर्सबाई पट्टी गुंडाळत दोघींकडे आळीपाळीने बघत होती.

"बहिणी का?" तिने विचारलं.

"जावा," दोघी एकदम म्हणाल्या.

निकालाचा कागद एका फळ्यावर चार चिमट्यांनी लावला होता. बावीस जणींत थोरली एकोणिसावी, धाकटी विसावी. उरलेल्या दोघींनी शर्यत अर्ध्यातच सोडली होती. ताईने आपल्या ओळीवर बोट ठेवलं, आडवं नेत वेळेपर्यंत गेली आणि तिथे जरा थांबली. मग पाण्याची बाटली भरून घेतली.

मोठे दीर गाडीच्या टपावर भिंगरीची मोडकी सायकल बांधत होते. "तुझीही आण," त्यांनी ताईला सांगितलं. "दमली असशील."

"दमलेय," ताई म्हणाली. "पण घराकडे वारा पाठीशी आहे. इतकी वर्षं कामाला जाताना तो तोंडावर घेतलाय, आज त्याच्यावरच बसून जाते."

दीर काहीतरी बोलणार होते. त्यांनी धाकट्या भावाकडे बघितलं, आणि मग नुसती दोरीची गाठ आवळली.

बंधाऱ्यावर त्यांच्या गाडीने तिला गाठलं. ती ताठ बसली होती, पायडलं जवळजवळ स्थिर, आणि तरी सायकल भरधाव चालली होती. टोपीच्या दाबाने चपटे झालेले केस वाऱ्याने पुढे तोंडावर उडत होते. दीरांचा हात हॉर्नकडे गेला.

"नका वाजवू, भाऊजी," भिंगरी मागून म्हणाली.

त्यांनी हात काढून घेतला, गाडी हळू केली आणि तिच्या मागे मागे, अंतर राखून चालवत राहिले.